एकतीस भोकं

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख
त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.
एका दमात म्हणून बघा.
सतराव्या वर्षी मला जमायचं,
साखर पेठेतल्या पत्र्याखाली, एप्रिलात,
लाइट जाऊन गल्लीतले सगळे माग
एकदम गप्प व्हायचे तेव्हा.

नान्ना जेकार्डची कार्डं पाडायचे.
ग्राफवरचा मोर भोकाभोकानं पुठ्ठ्यात उतरवायचे:
भोक असेल तिथं धागा उचलतो,
नसेल तिथं खाली राहतो.
एक भोक चुकलं की मोराची मान मोडायची,
आणि चुकलेल्या कार्डांच्या पाठी माझ्या.
त्यांवर मी भागाकार मांडायचे.

अम्मा पंचविसाचे कट्टे बांधत विचारायची,
किती उरल्या?
बावीस.
मग अजून तीन वळ, झालं की.
तीन वळल्या तर ती संख्याच राहत नाही, अम्मा.
काय की बाई, म्हणून ती पुढचं पान कातरायची.

तीननं भागलं, उरला एक.
सातनं, एक. अकरानं, एक.
तेरानं दहा उरले, जरा बरं वाटलं.
एकोणीसनं दोन.
एकतीसनं पुन्हा तोच एक,
बस म्हटलं तरी न बसणाऱ्या
पाहुण्यासारखा दारात.

शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या पुढं जायचं नव्हतं.
दोघांनी मिळून एवढा गुणाकार भरायचा
तर एकाला तरी त्या खुणेच्या अलीकडं राहावं लागतं.
अलीकडं मूळ संख्या चार हजार सातशे ब्याण्णव.
रोज पन्नास धरून शहाण्णव दिवस,
शेवटच्या दिवशी फक्त बेचाळीस.
त्या दिवशी मी मुद्दाम हळू भागत होते.
एकाचाही भाग गेला नाही.

काय करलालीस तीन महिने, नान्नांनी विचारलं.
ही कशानंच तुटत नाही, मी म्हटलं.
मग विकायची कशी? डझनात बसत नाही,
गाठोडं बांधता येत नाही.
मी म्हटलं, नान्ना, दोनाच्या हिशेबात लिहिली
तर हिच्यात नुसते एक.
ओळीनं एकतीस.
मधे शून्य म्हणून नाही.

ते काही बोलले नाहीत.
कोरं कार्ड घेतलं
आणि एकतीस भोकं पाडली, टक टक टक,
मी मनात मोजत होते, ते मोजत नव्हते.
असलं कार्ड लावलं तर सगळे धागे वर, म्हणाले,
नक्षी काहीच नाही.
पण माग नवा जोडला की आधी हेच लावायचं.
कुठला हूक अडकलाय
ते मोराला कळत नाही, ह्याला कळतं.

पुढं कॉलेजात सरांनी सांगितलं,
चौऱ्याऐंशी भागाकारांत काम झालं असतं.
हिला भाजक असलाच तर तो
बासष्टनं भागून एक उरवणाराच असायला हवा,
आणि त्यांतलेही बरेच आठाच्या पाढ्याशी ताडून गळतात.
म्हणजे चार हजार सातशे आठ दारं
मी उगाच ठोठावली.
वर्ग हसला. मीही हसले.
पण त्या घरांतून काय काय उरलं होतं
ते वर्गात मला एकटीलाच माहीत होतं.

आता कार्डं नाहीत. भाऊ पेनड्राइव्ह लावतो,
मोर आपोआप येतो.
परवा तो वैतागून म्हणाला, कॉम्प्युटरची मोजणी
एका आकड्याला येऊन भरते,
पुढं एक घातला की उण्यात जाते.
आकडा सांगू लागला.
दोन अब्ज, मी म्हटलं, चौदा कोटी,
आणि उरलेला त्याच्याआधी म्हणून टाकला.

अम्माला आता कमी दिसतं.
नान्नांचं कार्ड तिनं खिळ्याला टांगलंय,
चारच्या उन्हात त्याचे ठिपके पिठाच्या डब्यावर पडतात.
मी तिला भावाचं सगळं सांगितलं.
ती म्हणाली,
आणि मी तीन वळ म्हणत होते.